गणकयंत्रें आणि नकाराचें राजकारण

आमच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या बसण्याची जी खोली आहे तिच्यांत दुपारच्या चहाच्या वेळीं एक वाद गेले कित्येक महिने चालला आहे. वादाचा विषय असा कीं, उत्तम प्रतीच्या चिप्स व त्या घडविणारीं यंत्रें चीनच्या हातीं पडूं नयेत म्हणून अमेरिकेनें २०२२ च्या ऑक्टोबरांत जे निर्बंध घातले, ते शहाणपणाचे कीं आत्मघाताचे? पदार्थविज्ञान शिकविणारे आमचे एक स्नेही पहिल्याच घोटाबरोबर निकाल देऊन टाकतात: बंदी घातली कीं ज्याच्यावर घातली तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो, पुण्याच्या "परम"चें काय झालें तें आठवा! अर्थशास्त्राचे दुसरे स्नेही तितक्याच ठामपणें म्हणतात कीं, ज्याला आपण पायांवर उभें राहणें म्हणतों तें पुष्कळदां नुसतें कुबड्या बदलणें असतें. पुण्याच्या "परम"चेंच पाहा ना! एकाच साक्षीदाराला दोन्ही पक्षांनीं बोलवावें आणि दोघांपैकीं एकानेंहि त्याची उलटतपासणी करूं नये, हा प्रकार इतिहासाच्या अध्यापकाला फार दिवस निमूटपणें ऐकून घेणें कठीण जातें. म्हणून त्या साक्षीदाराला व त्याच्या दोन-चार नातलगांना आम्ही येथें वाचकांपुढें उभे करीत आहों.

संगणकाचा व्यापार हा कापडाच्या किंवा साखरेच्या व्यापारासारखा निर्मळ व्यापार कधींच नव्हता. इंग्लंडांत ब्लेचली पार्क येथें जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याकरितां १९४४ मध्यें कामास लावलेलें "कोलोसस", आणि अमेरिकेंत तोफांच्या माऱ्याचीं कोष्टकें करण्यासाठीं आरंभिलेलें व १९४६ मध्यें लोकांच्या दृष्टीस पडलेलें "एनिअॅक", हीं दोन्ही युद्धाचीं अपत्यें होत. अपत्यावर बापाचा हक्क राहतो, तसा ह्या यंत्रांवर लष्कराचा व परराष्ट्रखात्याचा हक्क राहिला. १९४९ सालीं अमेरिका व तिचीं मित्रराष्ट्रें यांनीं सोव्हिएत गटाला कोणता माल विकावयाचा नाहीं हें ठरविण्यासाठीं एक समिति नेमिली; तिचें कार्यालय पॅरिसांत असे व तिला "कोकॉम" म्हणत. हिची याद्या करण्याची हौस १९९४ पर्यंत टिकली. यंत्र कोणास द्यावें याचा विचार दुकानदारानें करावयाचा नसून मुत्सद्द्यानें करावयाचा, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

आपला देश त्या वेळीं दोन्ही गटांच्या दारांत उभा राहून दोन्हीकडचें यंत्र घेत होता, आणि ह्यांत आम्हांस तरी कांहीं लाजिरवाणें वाटत नाहीं. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत १९५५ च्या सुमारास इंग्लंडाहून "हेक"-वर्गाचें यंत्र आलें, तर १९५८-५९ मध्यें त्याच्याच शेजारीं रशियाचें "उराल" येऊन बसलें. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेंत १९६३ सालीं अमेरिकन आयबीएमचें १६२० हें यंत्र आलें. मुंबईजवळ पवईची संस्था सोव्हिएत साहाय्यानें उभी राहिली असल्यामुळें तेथें रशियन "मिन्स्क" आलें. एकाच सरकारच्या दोन संस्थांतील विद्यार्थ्यांनीं दोन महासत्तांच्या यंत्रांवर गणितें करावीं, हा त्या काळाच्या अलिप्ततेचा सर्वांत सुबक नकाशा होय. ह्यांच्या मध्यें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् व त्यांचे तरुण सहकारी यांनीं स्वतः एक यंत्र बांधलें. तें १९६० मध्यें चालू झालें व १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें "टिफ्रॅक" असें नांव ठेविलें. हें यंत्र कोणी नाकारलें म्हणून बांधलें नव्हतें. बांधून पाहावें, समजून घ्यावें, एवढ्याच इच्छेनें तें बांधलें होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. टिफ्रॅक बांधलें गेलें खरें, परंतु तोंवर परदेशांत ट्रान्झिस्टरांचीं यंत्रें निघालीं होतीं, आणि आमचें यंत्र अद्याप काचेच्या नळ्यांचें होतें. १९६४ मध्यें त्याच संस्थेंत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र आलें आणि टिफ्रॅकची सद्दी संपली.

येथून आयबीएमच्या प्रस्थानापर्यंतची कथा आपल्याकडे फारच सोपी करून सांगितली जाते. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, त्यांनीं कोकाकोलाला हाकलून लावलें आणि त्याच झाडूनें आयबीएमलाहि बाहेर काढलें, असें तिचें रूप आहे. कोणी हें कौतुकानें सांगतो, कोणी दांत-ओठ खाऊन. वस्तुतः ज्या कायद्यानें परकीय कंपन्यांचा हिस्सा सामान्यतः शेंकडा ४० वर आणण्याची सक्ति झाली तो परकीय चलन नियमनाचा कायदा १९७३ चा, म्हणजे जनता पक्षाचें राज्य येण्याच्या चार वर्षें आधींचा आहे. आयबीएमशीं बोलणीं व खटके त्याच्याहि आधींपासून चालले होते. भांडणाचें मूळ असें कीं, ही कंपनी आपलें १४०१ हें यंत्र, जें तिनें १९५९ मध्यें बाजारांत आणिलें व जें इतरत्र कालबाह्य होत आलें होतें, तें डागडुजी करून येथें भाड्यानें देत असे. यंत्र विकत द्यावयाचें नाहीं, भाडें मात्र वर्षानुवर्षें घ्यावयाचें. अशा धंद्यांत भाडेकरूला घराचा आराखडा कधींच कळत नाहीं. शेवटीं कंपनीला पर्याय देण्यांत आले, तिनेंहि आपल्या बाजूनें कांहीं सुचविलें, परंतु संपूर्ण मालकी सोडावयाची नाहीं हें तिचें जगभराचें धोरण होतें. १९७८ मध्यें ती आपण होऊन गेली. हाकललें म्हणण्यापेक्षां, घरमालकाच्या अटी न पटल्यामुळें पाहुण्यानें बिऱ्हाड हलविलें म्हणणें अधिक खरें होईल.

गेल्यानंतर आकाश कोसळलें नाहीं. मागें राहिलेल्या यंत्रांची निगा राखण्याचें काम एका सरकारी कंपनीनें उचललें. ती पुढें सीएमसी या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि तिनेंच केलेली रेल्वेच्या आरक्षणाची संगणक-व्यवस्था १९८६ मध्यें दिल्लीस सुरू झाली. रात्रभर रांगेंत बसून उन्हाळ्याच्या सुटीचीं तिकिटें काढणाऱ्या आमच्या पिढीच्या आईबापांना जर कोणी विचारलें असतें कीं संगणकानें जगांत काय केलें, तर त्यांनीं चंद्रावरच्या स्वारीचें नांव घेतलें नसतें, ह्या तिकिटखिडकीचें घेतलें असतें. तरीहि ह्या यशावरून आयबीएम गेली म्हणूनच आपण शहाणे झालों, असा निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें आहे. ती गेली त्याच काळांत आयातीवर जबर कर होते, परवाने होते. यंत्र आणण्यास कित्येक महिने लागत. त्या दिवसांत किती कल्पना कागदावरच मेल्या याची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. आयबीएम १९९२ मध्यें टाटांच्या भागीदारींत परत आली, आणि तेव्हां तिचें स्वागत करण्यास कोणालाहि कांहीं विशेष वाटलें नाहीं.

आतां परदेशांतील दोन उदाहरणें. पहिलें फ्रान्सचें. हें उदाहरण आमच्या वादांत कोणीच घेत नाहीं, कारण तें कोणाच्याच पक्षाला सोयीचें नाहीं. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यांत जनरल द गॉल यांच्या सरकारला अणुसंशोधनासाठीं त्या काळचें सर्वांत वेगवान अमेरिकन यंत्र, सीडीसी ६६००, हवें होतें. अमेरिकेनें तें अडवून धरलें; फ्रान्स मित्र असला तरी त्याचा स्वतंत्र अणुबाँब तिला नको होता. त्याच सुमारास, १९६४ मध्यें, बुल ही फ्रान्सची मोठी यंत्रकंपनी अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या हातीं गेली. राष्ट्राचा अभिमान दुहेरी दुखावला. १९६६ मध्यें "प्लां काल्क्यूल" म्हणून एक मोठी योजना निघाली, सरकारी पैसा ओतला गेला, एक राष्ट्रीय संगणक-कंपनी निर्माण झाली. आणि परिणाम? फ्रान्सचा हायड्रोजन बाँब १९६८ च्या ऑगस्टांत उडाला, म्हणजे नकारानें जें थांबवावयाचें होतें तें थांबलें नाहीं. उलट, ती राष्ट्रीय कंपनी दहा वर्षांच्या आंतच अमेरिकन हनिवेलच्या फ्रेंच शाखेंत विलीन करावी लागली, म्हणजे नकारानें जें जन्मास यावयाचें तेंहि जगलें नाहीं. एका नकाराचीं दोन्ही फळें पोकळ निघालीं.

दुसरें उदाहरण रशियाचें. आणि तें, आमच्या मतें, ह्या सर्व इतिहासांतील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. सर्गेइ लेबेदेव्ह या विद्वानानें युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या कीव्हजवळ १९५०-५१ मध्यें एक संगणक उभा केला. परकीयांची फारशी मदत नव्हती, साधनें तुटपुंजीं होतीं. पुढें मॉस्कोंत त्यानें केलेलें "बेस्म-६" हें यंत्र १९६८ पासून तयार होऊं लागलें व १९८७ पर्यंत तयार होत राहिलें. त्याची रचना स्वतंत्र प्रज्ञेची होती, हें पाश्चात्त्य जाणकारांनींहि मान्य केलें आहे. असें असतांना १९६९ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारनें व पूर्व युरोपांतील त्याच्या सोबत्यांनीं ठरविलें कीं, यापुढें आयबीएमच्या ३६० या यंत्रमालिकेच्या धर्तीवरच आपलीं यंत्रें बनवावयाचीं. लेबेदेव्हचा ह्यास विरोध होता. परंतु हिशेब वरकरणीं बिनतोड होता: जगांतील बहुतेक सॉफ्टवेअर आयबीएमसाठीं लिहिलेलें आहे, यंत्र तसेंच केलें कीं तें सारें फुकट मिळेल. फुकटचें मिळालेंहि. मात्र जो दुसऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो तो त्याच्या पुढें कधींच जाऊं शकत नाहीं. आणि पुढचा मनुष्य वेगानें चालूं लागला कीं अंतर वाढतच जातें. कोकॉमच्या बंदीनें रशियाला मागें पाडलें असें अमेरिकन लेखक अभिमानानें लिहितात. बंदीचा वांटा होता, नाहीं असें नाहीं. पण आपल्या घरांतील लेबेदेव्हवर अविश्वास दाखवून परक्याच्या नकाशावर घर बांधण्याचा निर्णय मॉस्कोनें स्वतः घेतला, तो पॅरिसच्या समितीनें घेतलेला नव्हता.

बंदी असली कीं चोरवाट आलीच. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनें व नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीनें मिळून १९८२ ते १९८४ या काळांत लेनिनग्राडच्या जहाजकारखान्यास पाणबुड्यांचे पंखे कांतण्यास उपयोगी अशीं संगणक-नियंत्रित यंत्रें खोट्या कागदपत्रांवर विकलीं. १९८७ मध्यें तें बाहेर फुटलें. तेव्हां अमेरिकन काँग्रेसच्या कांहीं सभासदांनीं संसदगृहासमोरच्या हिरवळीवर उभें राहून छायाचित्रकारांच्या देखत तोशिबाचा एक रेडिओ घणानें फोडला. रेडिओचा पाणबुडीशीं कांहीं संबंध नव्हता. आमच्या चहाच्या खोलींतील वाद ऐकतांना हें चित्र आम्हांस नेहमी आठवतें. रशियन पाणबुड्यांचा आवाज ह्या यंत्रांमुळें किती कमी झाला व आपल्या हेरांनीं आणिलेल्या माहितीमुळें किती, ह्यावर तज्ज्ञांत एकवाक्यता नाहीं. घण मारणारांत मात्र पूर्ण एकवाक्यता होती.

आतां मुख्य साक्षीदार. १९८० नंतरच्या दशकांत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठीं अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक घ्यावा असा भारताचा प्रयत्न होता. राजीव गांधी पंतप्रधान होते, वॉशिंग्टनशीं संबंध सुधारत होते, आणि तरीहि उत्तर मिळण्यास वर्षें लागलीं. अमेरिकेची शंका अशी कीं, पावसाचें गणित करणारें यंत्र बाँबचेंहि गणित करूं शकतें. शंका अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. १९७४ चा पोखरणचा स्फोट कोणी विसरलें नव्हतें. अखेर मागितलें त्याहून लहान असें क्रे एक्स-एमपी १४ हें यंत्र, केवळ हवामानाच्या अंदाजासाठीं व कडक अटींवर, देण्याचें ठरलें, आणि १९८८-८९ च्या सुमारास तें दिल्लीस आलें. बंगलोरचा अर्ज तसाच राहिला. १९८८ च्या मार्चांत पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर तिचे प्रमुख. मुदत तीन वर्षांची, खर्च तीस-पस्तीस कोटींच्या घरांत. १९९१ मध्यें "परम ८०००" तयार झाला.

आम्ही त्या वेळीं पुण्यांतच पदवीच्या वर्गांत होतों. आमच्या महाविद्यालयांत संगणकाची एकच खोली होती; तिच्यांत जाण्यापूर्वीं चपला बाहेर काढाव्या लागत, आणि आंत गेल्यावर बोलणें आपोआप हलकें होई, जसें गाभाऱ्यांत होतें. अशा दिवसांत गणेशखिंडीस महासंगणक झाला ही बातमी आली. वाण्याच्या दुकानापासून शास्त्राच्या प्राध्यापकांपर्यंत सर्व जण "अमेरिकेनें नाहीं म्हटलें आणि आपण करून दाखविलें" हें एकच वाक्य बोलत होते. आम्हींहि तें बोललों. इतक्या वर्षांनंतर त्या वाक्याचे तुकडे करून पाहतांना आपल्याच तारुण्याची झडती घेतल्यासारखें होतें. पण झडती घेतलीच पाहिजे.

"परम ८०००" हें एक प्रचंड वेगवान यंत्र नव्हतें. अनेक साधारण वेगाच्या प्रोसेसरांना एकत्र जुंपून त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घेण्याची ती युक्ति होती. ६४ प्रोसेसरांचा मिळून कागदावरचा वेग सेकंदास सुमारें शंभर कोटि गणितकृत्यांचा. प्रत्यक्ष कामांत टिकणारा वेग त्याच्या दहाव्या ते पांचव्या हिश्शाइतका. हा फरक पाहून कांहीं लोक नाक मुरडतात. त्यांस हें ठाऊक नसतें कीं, असा फरक त्या वर्गाच्या सर्वच यंत्रांत असे, आणि खरें कौशल्य त्या ६४ जणांना एकमेकांची वाट पाहत न बसवितां कामास लावण्यांत होतें. हें कौशल्य पुण्यांतील तरुणांनीं दोन-अडीच वर्षांत कमावलें, त्यासाठीं लागणारें सॉफ्टवेअर स्वतः लिहिलें, आणि हीं यंत्रें जर्मनी, इंग्लंड व रशिया ह्या देशांत गेलीं. एवढें श्रेय निर्विवाद आहे.

पण ते प्रोसेसर कोठले? ते इंग्लंडांतील ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे होते, "ट्रान्सप्यूटर" नांवाचे. ह्या कंपनीचा जन्म १९७८ मध्यें ब्रिटिश सरकारच्या पैशानें झाला होता. पुढें ती विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि शेवटीं लय पावली. म्हणजे अमेरिकेनें एक दरवाजा बंद केला तेव्हां भारतानें भिंत फोडली नाहीं. शेजारचा दुसरा दरवाजा उघडा होता, त्यांतून तो आंत शिरला. कोकॉमच्या याद्या क्रेसारख्या अजस्र यंत्रांकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि तळहातावर मावणाऱ्या प्रोसेसरांकडे त्यांचें लक्ष नव्हतें. भटकरांचें चातुर्य हेंच कीं, तो दरवाजा त्यांना दिसला.

आणखी एक गोष्ट. बंगलोरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेंत "फ्लोसॉल्व्हर" हें समांतर पद्धतीचें यंत्र १९८६ मध्येंच झालें होतें, म्हणजे सी-डॅकच्या स्थापनेच्या दोन वर्षें आधीं. विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहते याचें गणित करण्याची तेथें गरज होती. तुर्भ्याच्या भाभा केंद्रानेंहि ह्याच सुमारास "अनुपम" बांधला. टिफ्रॅक बांधणारांपासून चालत आलेली ही जी बांधून पाहण्याची संवय, ती नसती तर १९८८ मध्यें हजार नकार मिळूनहि पुण्यास कांहीं झालें नसतें. नकारानें काय केलें? त्यानें पैसा मोकळा केला. एरवीं जी फाईल चार खात्यांतून चार वर्षें फिरली असती ती एका वर्षांत मंजूर झाली. सरकारी पैसा अपमानानें जितका लवकर सुटतो तितका विनंतीनें सुटत नाहीं, हें फ्रान्सच्या उदाहरणांत दिसलें तसेंच येथेंहि दिसतें. फ्रान्सजवळहि पैसा सुटला आणि बुद्धिमान माणसेंहि होतीं. पण बाजारांत आयबीएमशीं झुंजणारी कंपनी काढण्याचें त्यानें मनावर घेतलें. पुण्यानें एकच यंत्र, तीन वर्षांत, एवढेंच कबूल केलें होतें. आमच्या मतें फरक येथें आहे.

ओघांत एक सांगावेंसें वाटतें. त्याच सी-डॅकमध्यें कानपूरच्या संस्थेंतून आलेली एक मंडळी देवनागरी व इतर भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर उमटविण्याच्या खटाटोपांत होती. तिच्या कामाला "जिस्ट" म्हणत. त्यासाठीं एक लहानसें कार्ड साध्या संगणकांत बसवावें लागे. अक्षरांची जी सांकेतिक पद्धत व कळफलकाची जी मांडणी त्या काळांत ठरली, तिची छाया आजच्या मराठी टंकलेखनावरहि आहे. "परम"वर वर्तमानपत्रांनीं रकाने भरले. ह्या कार्डाची बातमी आंतल्या पानावर आली असेल तर असेल. परंतु ज्या घरांत आज आजी नातवाला दूरदेशीं मराठींत चार ओळी लिहून पाठविते, त्या घरावर ह्या दोहोंपैकीं कोणाचें ऋण अधिक आहे, हें वाचकांनींच ठरवावें. आणि हें काम करण्यास कोणत्याहि परराष्ट्रानें नकार द्यावा लागला नव्हता.

सरकारें नकार देत असतां कंपन्या काय करीत असतात, हेंहि पाहिलें पाहिजे. १९९९ मध्यें अॅपलचा जी-४ हा घरगुती संगणक इतका वेगवान निघाला कीं अमेरिकन निर्यात-नियमांच्या व्याख्येप्रमाणें तो महासंगणकांत मोडूं लागला. कंपनीनें रडगाणें गाण्याऐवजीं त्याचीच जाहिरात केली: संगणकाभोंवतीं रणगाड्यांचा पहारा दाखविला. नियम लवकरच सैल झाले. २०२२ च्या निर्बंधांनंतर एन्व्हिडिया कंपनीनें नियमांत जी वेगाची मर्यादा घातली होती तिच्या किंचित् खालीं उतरणाऱ्या ए८०० व एच८०० ह्या चिप्स खास चीनसाठीं काढल्या. २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारनें त्यांनाहि अटकाव केला. व्यापारी कायदा मोडीत नाहीं, तो कायद्याची उंची मोजून तेवढाच वांकतो. ह्यास देशद्रोह म्हणणारे अमेरिकेंत आहेत. आम्हांस त्यांत नवल वाटत नाहीं. मालाचा चौथा हिस्सा ज्या गिऱ्हाइकाकडे जात असे त्याचें दार सोडून जाणारा वाणी आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

आतां चीनकडे वळूं. पदार्थविज्ञानाच्या स्नेह्यांच्या पोतडींत एक उदाहरण असें आहे कीं, त्याला उत्तर देणें अर्थशास्त्रज्ञांना जड जातें. २०१३ पासून चीनचा "त्येनह-२" हा जगांतील सर्वांत वेगवान संगणक होता. त्यांत इंटेलचे प्रोसेसर होते. २०१५ मध्यें अमेरिकेनें त्याच्या विस्तारासाठीं लागणारे प्रोसेसर देण्यास मनाई केली. २०१६ च्या जूनमध्यें वूशी शहरांतील "सनवे ताइहूलाइट" पहिल्या क्रमांकावर आला. त्यांतील चाळीस हजारांहून अधिक प्रोसेसर चीननें स्वतः रचलेले होते. नकार आणि निर्मिति यांच्यांत एकच वर्ष! परंतु एका वर्षांत प्रोसेसर जन्मत नाहीं. त्याची गर्भधारणा नकाराच्या पुष्कळ आधीं झाली होती, हें उघड आहे. बंगलोरच्या फ्लोसॉल्व्हरसारखाच हा न्याय.

अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांचें उत्तर वेगळ्या ठिकाणीं आहे, आणि तें बळकट आहे. चिप रचणें एक, घडविणें दुसरें. हॉलंडांत फेल्डहोव्हन गांवीं एएसएमएल नांवाची कंपनी आहे. अति सूक्ष्म रेषांच्या चिप्स कोरण्यासाठीं लागणारें जें यंत्र ती बनविते, तें जगांत दुसरें कोणीहि विकत नाहीं. त्यांत वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदास ५०,००० या वेगानें टाकतात व प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करितात, त्यांतून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जो प्रकाश निघतो तो हवेंतहि टिकत नाहीं, म्हणून सारें काम निर्वातांत चालतें. आरसे जर्मनीच्या त्साइसचे; प्रकाशाचा उगम घडविणारा विभाग अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाचा. एकाच यंत्रांत इतकीं राष्ट्रें गुंफलीं असल्यामुळें एकानें दोर ओढला तरी यंत्र अडतें. हें यंत्र चीनला मिळालेलें नाहीं. १९८८ मध्यें पुण्याला ब्रिस्टलचा जसा दुसरा दरवाजा होता, तसा येथें नाहीं. येथें बंदी मालावर नसून माल करण्याच्या हत्यारावर आहे, आणि आमच्या दृष्टीनें कोकॉमच्या काळापासूनच्या नकारांत हा नकार सर्वांत अधिक विचारपूर्वक केलेला आहे.

म्हणून तो यशस्वी झाला काय? २०२३ च्या ऑगस्टअखेर व्हावे कंपनीनें, जिच्यावर २०१९ पासूनच बहिष्कार होता, एक फोन बाजारांत आणिला. त्याची चिप शांघायच्या एसएमआयसीनें जुन्या पिढीच्या यंत्रांवरच, तेंच काम पुनःपुन्हां करून, ७ नॅनोमीटर म्हणतात त्या प्रतीची घडविली होती. खर्च अधिक, वायां जाणारा माल अधिक. पण फोन चालला. २०२५ च्या जानेवारींत डीपसीक या चिनी कंपनीचें कृत्रिम बुद्धिमत्तेचें प्रारूप पाहून न्यूयॉर्कच्या बाजारांत एन्व्हिडियाच्या शेअरांचें मूल्य एका दिवसांत सुमारें ५८९ अब्ज डॉलरांनीं घसरलें. आमच्या खोलींत त्या दिवशीं पदार्थविज्ञानानें पेढे वाटले. अर्थशास्त्रानें पेढा खाऊन विचारलें, "डीपसीकनें तें शिकविलें कोणत्या चिपवर?" स्वतः कंपनीच्या सांगण्याप्रमाणें एन्व्हिडियाच्या एच८०० वर, ज्या मर्यादेच्या खालीं वांकून आल्या होत्या त्याच त्या. रशियाप्रमाणें चीन नक्कल करीत बसेल, कीं लेबेदेव्हला ऐकेल, ह्यावर पुढचें सारें अवलंबून आहे; आणि तो निर्णय वॉशिंग्टनच्या हातांत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

२०२५ च्या जानेवारींतच अमेरिकेनें आणखी एक नियम काढला होता. त्यांत जगाचे तीन वर्ग केले होते: अठरा विश्वासू देशांस हव्या तितक्या चिप्स, चीनसारख्यांस मुळींच नाहींत, आणि मधल्यांस मोजून. भारत मधल्या वर्गांत होता. मे महिन्यांत तो नियम मागें घेण्यांत आला. ह्या चार महिन्यांत आमच्या खोलींत चीनचा निकाल निदान पन्नास वेळां लागला असेल. आपला वर्ग कोणता, हें एकदांहि कोणी काढलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं आम्ही पाषाणच्या रस्त्यानें फिरावयास गेलों होतों. तेथें सी-डॅकची नवी इमारत आहे. २०२० मध्यें तेथील "परम सिद्धि" जगांतील यंत्रांच्या यादींत त्रेसष्टावा आला. त्यांतील चिप्स एन्व्हिडियाच्या आहेत. त्याआधींच्या "परम पद्म"चे प्रोसेसर आयबीएमचे होते. त्याच पाषाणांत भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, आणि तेथें २०१८ मध्यें पावसाचें गणित करण्यासाठीं "प्रत्यूष" नांवाचा महासंगणक बसविण्यांत आला. तो क्रे कंपनीचा. त्याच्यासाठीं कोणी अडविलें नाहीं, कोणी अटी घातल्याचें गाजलें नाहीं, आणि वर्तमानपत्रांत त्याच्या कंपनीचें नांव पाहून एकाहि पुणेकरास १९८८ आठवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्ही फाटकाशीं थोडे थांबलों. पहारेकऱ्यानें काय काम आहे म्हणून विचारलें. कांहीं नाहीं म्हणालों, आणि पाऊस वाढूं लागला होता म्हणून घरीं परतलों.